हसण्यावारी नेण्याचा अधिकार

विनोदाच्या चाहत्याशी वाद घालण्यासारखे अप्रिय काम दुसरे नाही. तत्त्वज्ञावर आक्षेप घेतला तर तो ग्रंथ लिहितो. कवीवर घेतला तर तो रुसतो. परंतु विनोदावर आक्षेप घेतला की त्याचा चाहता नुसता हसतो, आणि ‘आपणांस विनोदबुद्धी नाही’ एवढ्यावर निकाल लावून मोकळा होतो. हा निकाल शिरावर घेण्याची तयारी ठेवूनच प्रस्तुत लेखक आज लेखणी उचलीत आहे.

‘माइंड युअर लँग्वेज’ ही व्हिन्स पॉवेल याने लिहिलेली ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिका १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली. लंडनमधील एका रात्रीच्या वर्गात जेरेमी ब्राउन नावाचा गरीब स्वभावाचा मास्तर परदेशी प्रौढांना इंग्रजी शिकवितो, आणि ते विद्यार्थी त्या भाषेची जी दैना करतात तीवर सारा खेळ उभा आहे. अली नदीम आहे, रणजित सिंग आहे, विणकामाच्या सुया न सोडणारी जमिला आहे. शिवाय इटालियन, जर्मन, जपानी, चिनी अशी सारी जत्रा आहे. परकीयांचा उपहास होतो या आक्षेपापायी ही मालिका १९७९ नंतर बंद पडली. पुढे १९८६ च्या सुमारास आणखी तेरा भाग निघाले, आणि एकूण बेचाळीस भागांवर तिची समाप्ती झाली. लंडनात ती संपली, परंतु आपल्याकडे संपली नाही. १९९३ साली दूरदर्शनवर ‘जबान संभालके’ या नावाने तिचा हिंदी अवतार झाला. आज नंदुरबारातील सुशिक्षित घरांत रात्रीच्या जेवणानंतर चार डोकी एका फोनवर वाकलेली दिसली, तर ती अलीच्या इंग्रजीला हसत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

हसण्याला माझी हरकत नाही. मीही हसलो आहे. माझा वाद आहे तो या हसण्याच्या समर्थनार्थ जी मते आमच्या स्नेहमंडळात मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जातात त्यांच्याशी. तो पूर्वपक्ष प्रथम प्रामाणिकपणे मांडतो.

चाहत्यांचे पहिले म्हणणे असे, की या खेळात सर्व राष्ट्रांची सारखीच टर उडविली आहे. म्हणून कोणाचाच अपमान नाही. दुसरे असे, की ज्यांची थट्टा झाली तेच पोट धरून हसतात. मग तिऱ्हाइताने गळा का काढावा? अली झालेला दिनो शफीक ढाक्यात जन्मला, आणि जमिलेची भूमिका करणाऱ्या जमिला मॅसी सिमल्यात जन्मल्या. आमच्याच भूमीच्या माणसांनी हे रंगविले आहे! तिसरे म्हणणे असे, की पूर्वीचा विनोद निर्मळ होता. आजची माणसेच हळवी झाली आहेत.

पहिल्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, आणि ते अर्धे सत्य मी आनंदाने मान्य करतो. त्या शाळेत इंग्रज माणसेही हास्यास्पद आहेत. मुख्याध्यापिका मिस कोर्टनी तर आहेतच. पण त्याहून सिडनी हा राखणदार पाहावा. तो अस्सल लंडनी कॉकनी बोलतो. त्याचे बोलणे त्या बिचाऱ्या विद्यार्थ्यांना मुळीच उमगत नाही. परंतु चाहत्यांनी एक गोष्ट कधी ध्यानात घेतली आहे काय? सिडनीला कोणी त्या वर्गात नेऊन बसवीत नाही. अली चुकतो, कारण तो परक्या भाषेत पाऊल टाकीत आहे. सिडनी चुकत नाही, तो आपल्या घरची भाषा बोलतो आहे. चूक आणि बोली यांतला हा भेद त्या उथळ म्हणविल्या जाणाऱ्या खेळाला कळला. त्याच्या सुशिक्षित भक्तांना मात्र तो अद्याप कळावयाचा आहे.

दुसऱ्या मुद्द्याची परीक्षा तर आमच्याच बैठकीत झाली. अलीवर मनमुराद हसणाऱ्या एका स्नेह्यांस मी ‘जबान संभालके’ची आठवण दिली. त्यात पंकज कपूर हे शिक्षक आहेत, आणि बाकांवर बसलेल्या विद्यार्थ्यांत विजू खोटे यांचे विठ्ठल बापूराव पोटे नावाचे मराठी गृहस्थ आहेत. त्यांचे नाव निघताच आमच्या स्नेह्यांचा चेहरा किंचित उतरला. “मराठी माणूस म्हटला की हे लोक असाच का रंगवितात?” असे ते म्हणाले. वाचकहो, या एका वाक्यात दुसऱ्या मुद्द्याचे सारे उत्तर आले आहे. अलीला हसताना आपण अलीच्या बाकावर बसलेले नसतो. आपण मनाने ब्राउनसाहेबाच्या शेजारी, फळ्यापाशी उभे असतो. विठ्ठलराव आले की आपल्याला एकदम बाकावर बसावे लागते, आणि बाक टोचतो.

हा वाद लंडनचा असता तर तो लंडनकरांनी पाहून घेतला असता. परंतु तो नंदुरबारचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून निराळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोळा लाखांवर वस्ती, आणि तीत दोन तृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी. येथे अहिराणी आहे, भिलोरी आहे, पावरी आहे, मावची आहे, गुजरी आहे, आणि सरहद्दीपलीकडून आलेली गुजराती आहे. ग्रियर्सनने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषापाहणीच्या खंडात भिल्ली व खानदेशी यांना एकत्र आणि स्वतंत्र स्थान दिले. या प्रांताच्या बोलण्याला स्वतःचे व्याकरण आहे हे एका परकी अधिकाऱ्यास शतकापूर्वी कळले होते. आमच्या दिवाणखान्यांना ते कळले आहे काय?

पहिलीच्या वर्गात एखादे मूल उभे राहते आणि म्हणते, “मना बाप वावरमा शे.” वर्ग हसतो. कधी गुरुजीही हसतात. घरी हा किस्सा सांगितला जातो, आणि अलीला हसणारी तीच मंडळी त्याच सुरात हसतात. आता या मुलाने चूक कोणती केली? ‘शेतात आहे’ याऐवजी तो ‘वावरमा शे’ म्हणाला. त्याचा ‘मा’ हा आपल्या ‘त’ इतकाच नियमबद्ध प्रत्यय आहे, आणि त्याचा ‘शे’ आपल्या ‘आहे’ इतकाच खरा आहे. तो अली नव्हे. तो सिडनी आहे! अली प्रौढ आहे. आपल्या पायांनी रात्रीच्या वर्गाला आला आहे. हसू झाले तरी उद्या पुन्हा येईल, आणि मास्तरालाच रडकुंडीस आणील. हे मूल सहा वर्षांचे आहे. त्याला उलट उत्तर देता येत नाही. त्याला एकच गोष्ट करता येते, आणि ती ते करते: दुसऱ्या दिवसापासून ते बोलत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून आलेल्या पावरी वा भिलोरी मुलाची गोष्ट तर याहून कठीण, कारण त्याच्या घरापासून पुस्तकापर्यंतचे अंतर अहिराणी मुलाहूनही अधिक. राज्यघटनेच्या ३५०-क या कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींची गोष्ट १९५६ सालीच सांगितली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ती पुन्हा सांगितली. परंतु वर्गातले हसू बंद करणारे कलम कोणत्याही कायद्यात घालता येत नाही. ते काम समाजाच्या अभिरुचीचे आहे.

आणि आमच्या अभिरुचीची विसंगती पाहा. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली, आचार्य अत्र्यांनी त्यांना प्रस्तावना दिली, आणि खानदेशच्या शेतकरणीच्या बोलीपुढे सारा महाराष्ट्र नतमस्तक झाला. ग्रंथात छापली म्हणजे जी बोली अमृत ठरते, ती बसस्थानकावर ऐकू आली म्हणजे गावंढळ कशी ठरते? नंदुरबारच्या मातीत ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळ्या झेलून पडलेल्या शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलाची मातृभाषा गुजराती होती. त्याच्यासह पडलेल्यांत शहा होते, वाणी होते, तसेच केतकरही होते. त्या दिवशी कोणाचे उच्चार शुद्ध आणि कोणाचे अशुद्ध, याची विचारपूस कोणी केली नाही.

राहिला तिसरा मुद्दा: पूर्वीचा निर्मळ विनोद. निर्मळ विनोद होता खरा. पण तो कोठे होता? चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली शिकविणारे भाषापंडित. त्यांना अशुद्ध बोलणाऱ्यांचा बाजार मांडणे काही अवघड नव्हते. त्यांनी चिमणराव निर्माण केला: आपल्यासारखाच पांढरपेशा, भित्रा, बढाईखोर, आणि स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगणारा. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हा मराठी मध्यमवर्ग आपल्याच आरशाला हसला. ज्याला हसायचे त्याच्याच बाकावर लेखक बसलेला आहे, हेच त्या निर्मळपणाचे रहस्य.

यावरून कोणी असे समजू नये, की मी बंदी मागतो आहे, किंवा मुलांना प्रमाण मराठी शिकवू नये असे म्हणतो आहे. बंदीने विनोद मरत नाही, फक्त कुजबुजतो. आणि प्रमाण मराठी हे या मुलांचेही धन आहे, ते त्यांच्या हाती पडलेच पाहिजे. परंतु दान देताना याचकाच्या तोंडावर हसू नये, एवढा शिष्टाचार आपल्या घरांत पूर्वापार आहे. आणि येथे तर तो याचक नव्हे, वारस आहे.

म्हणून चाहत्यांस इतकीच विनंती. ती मालिका अवश्य पाहा, अलीला अवश्य हसा. मात्र फोन खाली ठेवल्यावर घरात धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे मूल काही बोलले, तर त्याचा एक शब्द तरी त्याच्या बोलीत उच्चारून पाहा. तो आपल्याला धड जमणार नाही. मूल हसेल. त्या वेळी आपणांस विनोदबुद्धी आहे की नाही, याचा खरा निकाल लागेल.