घर विकणे नाही!

'वडिलोपार्जित घर विकू नये' असं म्हणणारा माणूस त्या घरात कधीच राहत नसतो. तो दादरला राहतो, डोंबिवलीला राहतो, हल्ली न्यू जर्सीलाही राहतो. घर मात्र असतं राजापुरात. आणि घर तरी कसलं? जांभ्याच्या भिंती, ओटी, माजघर, मागे पडवी, वर कौलं. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा जपायलाच हवा. पण आजोबा पडवीत बसून सुपारी कातरत, एवढ्यावरून पडवी ऐतिहासिक होत नाही.

पण 'विकूया' म्हणा, की सगळ्यांचा गळा एकदम दाटून येतो. काकांना झोपाळा आठवतो, आत्याला तुळशीवृंदावन. शाकारणीची वर्गणी मागितली, की मात्र कोणालाच काही आठवत नाही. एस.टी.ने कंबर मोडते म्हणून मंडळी गावी जात नव्हती. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आता तिकीट मिळत नाही म्हणून जात नाहीत! उरले गणपतीचे पाच दिवस. त्यातले दोन जळमटं काढण्यात जातात.

कोकणातल्या पावसाला भावना नसतात. माकडाने एक कौल सरकवलं, की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत, आणि मागोमाग वाळवी. खरं सांगायचं तर त्या घराची खरी ओढ वाळवीलाच; ती बारा महिने तिथे राहते.

आता पोटातलं बोलतो. या भावनेच्या आड बहुधा वाटणी लपलेली असते. घर विकलं तर पैसे येणार, आणि पैसे आले तर बहिणींना द्यावे लागणार! महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. २००५ साली विवाहितांसकट तो देशभर मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की हा हक्क जन्मापासूनचा आहे. तरीही माहेरी आलेल्या बहिणीपुढे साडी, नारळ आणि हक्कसोडपत्र एकाच तबकातून येतं. ती बिचारी सही करते, कारण नाही केली तर माहेर तुटतं. अहो, बारा महिने कुलूप असलेल्या घराला माहेर म्हणतात होय?

तेव्हा विका! भिंती उभ्या आहेत तोवर विका. बहिणींचा वाटा आधी बाजूला काढा, मग भावांनी आपापसांत खुशाल भांडावं. गिऱ्हाईक मात्र बघून घ्या. पाडून तीन मजले चढवणारा नको. गावातच भाड्याच्या खोलीत संसार करणारं, रोज चूल पेटवणारं बिऱ्हाड बघा. खरेदीखत घरच्या बाईच्या नावावर करायला सुचवा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्राने बायकांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली, ती काही उगाच नाही.

'पूर्वज काय म्हणतील?' काही म्हणणार नाहीत. त्यांनीही ती जागा कोणाकडून तरी विकतच घेतली असेल. घेताना त्याच्या पूर्वजांना विचारलं होतं थोडंच?

फक्त आधी किल्ली शोधा. मागच्या गणपतीत ती कोणाकडे राहिली, यावर अजून एकमत व्हायचंय.