घंटी वाजली, पुढे काय?

आमच्या वसतिगृहात सकाळी सव्वानऊला एक घंटी वाजते. ती तासाची नव्हे, प्रार्थनेची नव्हे आणि खानावळीची तर नव्हेच. सव्वानऊला शेअरबाजार उघडतो आणि खोल्याखोल्यांतून मोबाइल किणकिणू लागतात. कुणाचा 'आर.एस.आय.' तीसच्या खाली उतरलेला असतो, कुणाच्या दोन सरासऱ्यांच्या रेषांनी एकमेकींना छेद दिलेला असतो. पहिल्या तासाला सर हजेरी घेतात तेव्हा निम्मे 'येस सर' बाकाखाली मान घालूनच दिले जातात. गेल्या वर्षी त्यांत माझाही एक आवाज होता. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. तो मी रोख पैसे मोजून मिळवला आहे.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. इथल्या अनेक मित्रांना हे गाव नकाशात दाखवावे लागते. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, मध्य प्रदेशच्या हद्दीत ते आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून त्यांचा निराळा जिल्हा झाला. घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशी आमची रीत. मामा इकडे साखर कारखान्यात नोकरीला, म्हणून मी या सीमाभागातल्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकायला आलो आणि खोलीत कन्नडही कानावर पडू लागली. खोलीतला मित्र गोकाककडचा. त्याच्या घरी हळद, आमच्या घरी संत्री. दोघांचेही बाप भावाच्या चिंतेत वाढलेले. त्यामुळे 'भाव' हा शब्द आम्हाला नवा नव्हता. नवी होती ती भावाची चित्रे.

ती आम्हाला दाखवली एका बाहेरगावच्या गृहस्थांनी. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण असे गृहस्थ आता गावोगावी आहेत. व्याख्यान विनामूल्य होते. पडद्यावर हिरव्या-लाल मेणबत्त्यांचा आलेख, त्याखाली एक नागमोडी रेषा. ती रेषा सत्तरच्या वर गेली की विका, तीसच्या खाली आली की घ्या. अलर्ट लावून ठेवा, मोबाइल स्वतःच सांगेल. त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक चित्रात हे तंतोतंत जुळत होते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिथेच विचारायला हवे होते की, न जुळलेली चित्रे कुठे आहेत? मी विचारले नाही. व्याख्यानाच्या शेवटी पैसे भरून सामील होण्याच्या एका गटाचा पत्ता मात्र लिहून घेतला.

आता या रेषा आहेत तरी काय? आर.एस.आय. हे काही पुराण नव्हे. जे. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७८ साली एका पुस्तकात ते मांडले. वाइल्डर शिक्षणाने यांत्रिकी अभियंता होते. गेल्या चौदा दिवसांत भाव सरासरी किती चढला आणि सरासरी किती उतरला, यांचे गुणोत्तर काढायचे आणि ते शून्य ते शंभरच्या पट्टीवर बसवायचे, एवढीच ती कृती. यात नवी माहिती कुठून आली? कुठूनच नाही. आलेखात जो भाव होता तोच पुन्हा दळून काढला. सरासरीच्या रेषेचेही तसेच. समजा, कापसाचे पाच दिवसांचे भाव ७०००, ७१००, ७२००, ७३०० आणि ७४०० आहेत. सरासरी ७२००. सहाव्या दिवशी भाव ७२०० वर घसरला. नवी सरासरी ७२४०. भाव सरासरीच्या खाली आला म्हणून आता घंटी वाजेल. परंतु तोवर क्विंटलमागे दोनशे रुपये जाऊन बसले! सरासरी ही नेहमी मागून चालणारी बाई आहे. तिला 'पुढे रस्ता कसा आहे?' असे विचारण्यात अर्थ नाही.

हा दोष तिचा नव्हे. ती आपले काम चोख करते. म्हणूनच, इंडिकेटर म्हणजे निव्वळ थोतांड, असे जे काही प्राध्यापक म्हणतात त्यांच्याशीही माझे जमत नाही. भूतकाळाचा नीट मांडलेला हिशेब वाईट कसा असेल? वाईट आहे ते त्या हिशेबाला भविष्य समजणे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आणि माझ्या गोकाकच्या मित्राने एक उद्योग केला. एक रुपयाचे नाणे दोनशे वेळा उडवले. छापा पडला की रेषा एक घर वर, काटा पडला की एक घर खाली. तयार झालेला आलेख शेजारच्या खोलीतल्या एका 'तज्ज्ञा'ला दाखवला आणि हा एका लहान कंपनीचा शेअर आहे म्हणून सांगितले. त्याने त्यात आधाराची पातळी शोधली, अडथळ्याची पातळी शोधली आणि 'इथे घ्यायला हवा होता' असे बोट ठेवून सांगितले. नाणे मी खिशातून काढून दाखवले तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. नंतर वाचनात आले की, हाच प्रकार शिकागो विद्यापीठाच्या हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ साली करून दाखवला होता. यदृच्छेने निघालेल्या आकड्यांची रेषा त्यांनी काढली, आणि ती हुबेहूब बाजाराच्या आलेखासारखी दिसली.

मग आम्ही त्या नाण्याचा आर.एस.आय. काढला. साधी सरासरी धरली तर हिशेब सोपा आहे. चौदा फेकींत दहा किंवा अधिक छापे पडले की आकडा सत्तरच्या वर जातो. याची संभाव्यता १६३८४ पैकी १४७१, म्हणजे शंभरात जवळजवळ नऊ. तीसच्या खाली जाण्याचीही तेवढीच. म्हणजे ज्याला काही कळत नाही, ज्याच्यामागे कंपनी नाही, नफा नाही, पाऊसपाणी नाही, असे एक रुपयाचे नाणेसुद्धा शंभरातून अठरा वेळा 'घ्या' किंवा 'विका' असे सांगते. मोबाइलमध्ये वीस शेअरांवर अलर्ट लावणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्या जागी वीस नाणी असती तरी कोणत्याही क्षणी तीन-चार नाणी घंटी वाजवतच असती. बाजार म्हणजे नाणेच, असे माझे म्हणणे नाही. पण तुमची घंटी नाण्याच्या घंटीपेक्षा अधिक शहाणी आहे, हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे.

आमच्या कापसाच्या मुलखात म्हाताऱ्या माणसांना हे ऐकून एकच गोष्ट आठवते: आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि मिटते भाव मुंबईला तारेने येत आणि त्यांवर लोक पैसे लावीत. पुढे १९६० नंतरच्या दशकात ते भाव बंद पडले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि खेळाला मटका हे नाव पडले. गंमत अशी की, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मटक्यातही राहिले आणि आजच्या मेणबत्तीच्या आलेखातही तेच आहेत. आणि मटक्याचेही चार्ट होतेच! मागचे आकडे वहीत मांडून उद्याचा आकडा 'काढणारे' जाणकार पानटपरीवर बसत. शेअरच्या मागे कारखाना असतो, माणसे असतात, नफातोटा असतो. चिठ्ठीच्या मागे काही नसते. हा फरक मोठा आहे. पण जो माणूस कारखान्याकडे ढुंकूनही न पाहता केवळ मागच्या आकड्यांच्या रेषा पाहतो, त्याने तो फरक स्वतःच्या हातांनी पुसून टाकलेला असतो.

मी तो पुसला होता. आंबिया बहराच्या सौद्याचा इसार आला होता, त्यातून बाबांनी फी आणि वर्षाच्या खानावळीसाठी ५४,००० रुपये पाठवले. त्यातले ४१,००० तीन आठवड्यांत गेले. शेअर घेतले असते तर निदान काही तरी उरले असते. मी निफ्टीचे ऑप्शन घेतले. सर्वांत बोचलेला दिवस सांगतो. आर.एस.आय. तीसच्या खाली गेला, घंटी वाजली, निफ्टी वर जाणार म्हणून मी कॉल घेतला. दुसऱ्या दिवशी निफ्टी खरोखरच थोडा वर गेला, आणि माझे पैसे तरीही कमी झाले! ऑप्शनला मुदत असते. मुदत जवळ येईल तसतशी त्याची किंमत उन्हात ठेवलेल्या बर्फासारखी विरघळते. भाव पुरेसा आणि वेळेत हलला नाही तर अंदाज बरोबर येऊनही नुकसान होते. ही गोष्ट निफ्टीच्या आलेखाखालच्या कोणत्याही रेषेत दिसत नव्हती, आणि मी तर फक्त रेषा पाहत होतो.

घरी फोन केला. आमच्याकडची बोली इथल्या वाचकांनी समजून घ्यावी.

"बाबा, खानावळीचे पैसे गेले."

"काहून? चोरी गेले काय?"

"नाही. शेअरबाजारात."

"कोनं सांगतलं होतं तुले?"

"मोबाइलमधी घंटी वाजते, बाबा. भाव कुठं जाईल ते समजते."

बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "गारा येनार म्हणून आपल्याले बी आधी समजते, पोरा. झाडं काय उचलून घरात आनता येते?" आणि थोड्या वेळाने, "आज जेवला काय तू?"

त्या गारांच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. गोकाकच्या मित्रालाही ते सांगितले. तो म्हणाला, "आमच्या अप्पांना सांगलीहून हळदीच्या दराचा फोन येतो. तीही घंटीच की. पण अप्पांनी आधीच ठरवलेलं असतं, या दराला द्यायची, नाहीतर ठेवायची. फोन फक्त आठवण करून देतो." माझ्या मते अलर्टचे सारे शास्त्र या बोलण्यात आले. ज्याचा निर्णय थंड डोक्याने आधीच झालेला आहे, त्याच्यासाठी अलर्ट उत्तम नोकर आहे. त्यामुळे त्याला दिवसभर पडद्याकडे पाहावे लागत नाही. ज्याचा निर्णय घंटी वाजल्यावर व्हायचा आहे, त्याला तो नुसता दचकवतो. आणि दचकलेला माणूस जे बटण समोर दिसेल ते दाबतो.

हे माझ्या एकट्याच्या मूर्खपणाचे रडगाणे असते तर मासिकाची पाने मी अडवली नसती. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी पैसे गमावले. दरडोई सरासरी तोटा सुमारे दोन लाख. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो आपल्या वर्गाचा आहे: या व्यवहारांतले तीस वर्षांखालचे लोक एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने नियम कडक केले, तरी २०२४-२५ सालीही शंभरातले एक्याण्णव तोट्यातच होते. मग नफा कुणाला झाला? परदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या मोठ्या पेढ्या यांना, आणि त्यांचा बहुतेक नफा संगणकाने चालवलेल्या व्यवहारांतून आला. आपली घंटी वाजून, खिशातून मोबाइल काढून, सरांची नजर चुकवून आपण बटण दाबेपर्यंत त्या यंत्रांचे काम केव्हाच उरकलेले असते.

आमच्या गावी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते. पांढुर्णा एका काठाला, सावरगाव दुसऱ्या. मध्ये पळसाचे झाड, त्याला झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात हे सर्वांना ठाऊक असते. तरी उतरणारा प्रत्येक जण, दगड शेजारच्याला लागेल याच भरवशावर उतरतो. त्र्याण्णवाचा आकडा वाचून 'मी सातांतला' म्हणणारे मित्र पाहिले की मला नदीचा तो काठ आठवतो.

आता महाविद्यालयाकडे एक मागणी, जरा स्पष्ट शब्दांत. बाहेरच्या 'मार्गदर्शकां'ना सभागृह देण्यापूर्वी त्यांची सेबीकडे नोंदणी आहे काय, एवढे तरी विचारावे. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने, शिक्षणाच्या नावाखाली शेअरबाजार शिकवणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरण्यास मनाई केली होती. जो आजचा आलेख दाखवून 'शिकवतो', तो शिकवत नसून सल्ला विकतो आहे. आणि वाणिज्य व संख्याशास्त्र या दोन विभागांनी मिळून हा विषय स्वतःच शिकवावा. मुले चोरून जे करतात ते फळ्यावर आणल्याने बिघडण्याजोगे काही उरलेले नाही.

फी भरायला मला पुढे मामांकडून उसने घ्यावे लागले. ते दर महिन्याला थोडे थोडे फेडतो आहे. ऑप्शनचे खाते बंद केले. हॅरी रॉबर्ट्सचा प्रयोग मात्र पुन्हा करायचा आहे, या वेळी दोनशे नव्हे, दोन हजार फेकींचा. येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे बसणार आहोत. ज्यांना आपल्या इंडिकेटरवर विश्वास आहे त्यांनी तो घेऊन यावे. नाणी आम्ही आणू.