थोडीशी शुगर

आमच्या घराण्यात मधुमेह कुणालाच नाही. ‘थोडीशी शुगर’ मात्र सगळ्यांना आहे. काकांनाही थोडीशीच होती. तिच्यापायी उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला, तरी घरात दोष दिला गेला तो नव्या चपलेला.

आपल्याकडे माणूस रोगापेक्षा रिपोर्टला जास्त घाबरतो. पहिला आकडा आला की लॅबवाल्याचं मशीन बिघडलेलं असतं. दुसऱ्या लॅबनेही तोच दिला, तर आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालेलं असतं. मग चार दिवस गोड बंद, पहाटे टेकडी, आणि आकडा खाली आणून दाखवायचा. परीक्षेत कॉपी करावी तशी स्वतःच्याच रक्ताशी लबाडी! म्हणून तर एचबीएवनसी ही चाचणी आम्हाला वैऱ्यासारखी वाटते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर दोन-तीन महिन्यांचा जमाखर्च मांडून मोकळी होते. चार दिवसांच्या सोवळ्याला ती भीक घालत नाही. ६.५ टक्के किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह. आमची माणसं मात्र ‘बॉर्डरलाइन’वर वीस-वीस वर्षं पहारा देतात.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. ते सगळे शेजारच्यांच्या घरात राहतात.

मनाच्या या बचावांवर ॲना फ्रॉइडने १९३६ साली व्हिएन्नात अख्खं पुस्तक लिहिलं. समोरचं नाकारणं, आपलं दुसऱ्यावर ढकलणं, इतकंच काय, ज्याची भीती त्याचंच सोंग घेणं, सगळं त्यात आहे. बाईंना आमच्याकडे गणपतीत जेवायला बोलवायला हवं होतं. पहिल्या मोदकाला ‘एकाने काय होतंय’, चौथ्याला ‘प्रसादाला नाही म्हणू नये’. पथ्याची आठवण करून दिली म्हणून काका काकूवर पंगतीत खेकसायचे आणि हात धुताधुता डॉक्टर होऊन शेजारच्या पाहुण्याला कारल्याचा रस सांगायचे.

मन घाबरतं, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या भित्रेपणाला ‘बिनधास्त’ म्हणून मिरवण्याला. ‘मरायचंच आहे तर खाऊन मरू’ म्हणे! अहो, हा रोग बहुतेकांना पटकन मारत नाही. पाय बधिर होतात, नजर जाते, मूत्रपिंडं थकतात, आणि उस्तवार करायला तीच बाई असते, जिच्यावर तुम्ही पंगतीत खेकसलात.

आता माझं. माझा रिपोर्ट अकरा दिवस टेबलाच्या खणात लाइटबिलांखाली पडून होता. बारीक अक्षर दिसत नाही, चष्म्याचा नंबर बदलायचाय, ही माझी सबब. शेवटी मुलीने पाकीट फोडलं. ८.२.

मी म्हटलं, त्यांचं मशीन एकदा बघायला हवं.