पहिलाच टेक ओके!

चित्रीकरण चालू आहे. एक धिप्पाड पहिलवान नट दारातून जाताना चौकटीवर असा आदळतो, की सेटची सगळी भिंत हलते. पुन्हा टेक घ्यायचा का, असं विचारल्यावर दिग्दर्शक म्हणतो, छे! एवढ्या अगडबंब माणसाला रोजच दारातून जाताना असा त्रास होत असणार. उलट हे अगदी खरं वाटतं. टेक ओके!

‘एड वूड’ या १९९४ सालच्या हॉलिवूडपटातला हा प्रसंग. टिम बर्टनने दिग्दर्शित केलेला हा कृष्णधवल विनोदी चित्रपट एका खऱ्याखुऱ्या दिग्दर्शकावर बेतलेला आहे. एड वूडला (जॉनी डेप) व्हायचं होतं ऑर्सन वेल्ससारखं. वेल्सप्रमाणे तोही लेखन, निर्मिती, दिग्दर्शन, अभिनय सगळं एकट्याने करायचा. उमेद होती, धडाडी होती, बोलणंही गोड. नव्हती फक्त प्रतिभा!

त्याच्या सिनेमात थडगी पुठ्ठ्यासारखी डुलतात. एका प्रसंगासाठी रबरी ऑक्टोपस चोरून आणला जातो, पण त्याची मोटर आणायची राहून जाते. मग सत्तरी ओलांडलेला नट रात्रीच्या थंड पाण्यात उतरतो आणि ऑक्टोपसच्या सोंडा स्वतःच हलवत ‘मेलो, मेलो’ म्हणून ओरडतो. पैशांची चणचण एवढी, की घरमालकाच्या चर्चने भांडवल द्यावं म्हणून नटमंडळी बाप्तिस्मा घ्यायलाही तयार होतात.

तो म्हातारा नट म्हणजे बेला लुगोसी. १९३१च्या ‘ड्रॅक्युला’ने जग गाजवलेला हा हंगेरियन कलावंत १९५०च्या दशकात मॉर्फिनच्या व्यसनात बुडाला होता. स्टुडिओंना तो नकोसा झाला होता. बऱ्याच जणांना तर तो हयात आहे हेही ठाऊक नव्हतं. एडला मात्र त्याच्यात अजूनही महान नटच दिसत होता. मध्यरात्री लुगोसीचा फोन आला की एड धावत जातो. व्यसन सोडवायला तो रुग्णालयात दाखल होतो, तेव्हाही सोबत एडच.

इथे हसता हसता प्रेक्षक गंभीर होतो. ज्या नजरेला स्वतःच्या सिनेमातले दोष दिसत नाहीत, तिला माणसातलेही दिसत नाहीत. या आंधळेपणाने एडच्या कलेचं वाटोळं केलं. पण सगळ्यांनी टाकून दिलेल्या एका म्हाताऱ्याला त्याच आंधळेपणाने अखेरपर्यंत ‘स्टार’ ठेवलं.

लुगोसी १९५६ साली वारला. एडजवळ त्याची थोडीशीच फिल्म उरली होती. तेवढ्यावर त्याने ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ उभा केला. उरलेल्या दृश्यांत लुगोसीच्या जागी पत्नीच्या ओळखीचा एक हाडवैद्य उभा केला. चेहरा मिळताजुळता नव्हता, म्हणून त्याने तोंडासमोर झगा धरायचा! मित्राचा शेवटचा चित्रपट वाया जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्यामागचा हट्ट.

खऱ्या आयुष्याचा शेवट मात्र विनोदी नव्हता. दारूने एड खचत गेला. राहतं घर सोडावं लागलं आणि काही दिवसांतच, डिसेंबर १९७८मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तो गेला. १९८०मध्ये एका पुस्तकाने ‘प्लॅन नाइन’ला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं आणि तेव्हापासून लोक तो हौसेने पाहू लागले. हे पाहायला एड नव्हता.

गंमत म्हणजे, अपयशी माणसावरचा बर्टनचा चित्रपटही तिकीटबारीवर आपटला. सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलर खर्चून साठ लाखही पुरते आले नाहीत. ऑस्कर मात्र दोन मिळाली. एक रंगभूषेचं आणि दुसरं सहायक अभिनेत्याचं, मार्टिन लँडाऊला. भूमिका कोणती? बेला लुगोसीची! एडने ज्याचं मोठेपण कधी नाकारलं नाही, त्या नटाला पडद्यावर पुन्हा टाळ्या मिळाल्या.