हुन्नर हातात आहे, ड्रॉइंग कोण वाचणार?

आपल्या कारागिराला काम येत नाही, असे त्याचा वैरीही म्हणणार नाही. भिवंडी-मालेगावात मागाचा मोडलेला सुटा भाग हातात घेऊन, दोन-चारदा फिरवून पाहून, संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा घडवून देणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. पण त्यांच्यापुढे नमुना ठेवावा लागतो. नमुन्याऐवजी कागद ठेवला की मिस्त्री तो उलटसुलट करतो आणि म्हणतो, "सेठ, एखादा पीस आणून द्या ना!" आपला धंदा अडतो तो नेमका इथे.

कारण कंपनी पीस देत नाही, ड्रॉइंग देते. पुष्कळदा तो भाग जगात कुठे तयारच झालेला नसतो, मग नमुना आणणार कुठून? ज्याला ड्रॉइंग वाचता येते तो ऑर्डर घेतो, भाव ठरवतो, आगाऊ रक्कम उचलतो आणि तेच काम आपल्या मिस्त्रीकडे जॉबवर्कने टाकतो. घाम मिस्त्रीचा, नफा कागद वाचणाराचा. यात कोणी कोणाला फसवले असे नाही. बाजारात वाचता येण्याचीही किंमत असते आणि ती आपण वर्षानुवर्षे दुसऱ्याला देत आलो आहोत.

ड्रॉइंग वाचणे म्हणजे चित्र ओळखणे नव्हे. भोकापाशी '२० एच ७' असे लिहिलेले असते. अडाण्याला ते २० मिलिमीटरचे भोक वाटते आणि तो २० चा ड्रिल लावून मोकळा होतो. जाणकाराला कळते की हे भोक २० पेक्षा कमी चालणार नाही आणि जास्तीत जास्त २०.०२१ पर्यंतच चालेल, म्हणजे इथे रीमर लागणार, वेळ जास्त जाणार, दरही जास्त सांगितला पाहिजे. दुसरे उदाहरण कोपऱ्यातल्या त्या छोट्याशा कापलेल्या शंकूच्या खुणेचे. आपल्याकडे फर्स्ट अँगलची पद्धत आहे, तीत वस्तू वरून कशी दिसते ते समोरच्या चित्राच्या खाली काढतात. अमेरिकन कंपनीचे ड्रॉइंग थर्ड अँगलचे, तिथे तेच चित्र वर येते आणि उजव्या-डाव्या बाजूच्या चित्रांच्या जागाही बदलतात. ती खूण न पाहता काम केले तर डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा होऊन बसतो. माप अचूक, फिनिश उत्तम आणि माल भंगारात! परदेशी माल पाठवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या छोट्या कारखानदारांनी तरी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

हे शिकायला इंजिनीअर व्हावे लागत नाही. आयटीआयमध्ये आरेखक, म्हणजेच ड्राफ्ट्समन, असे दोन ट्रेड आहेत, एक यांत्रिकी आणि एक स्थापत्य. मुदत दोन वर्षांची, पात्रता गणित-विज्ञान घेऊन दहावी पास. वेल्डर, सुतारकाम असे काही ट्रेड आठवी पास मुलालाही खुले आहेत, आरेखकाचा तसा नाही. आठवीत शाळा सोडून गॅरेजवर जाणाऱ्या मुलाच्या बापाने एवढा हिशेब करावा की त्या दोन इयत्तांसाठी पोराच्या हातून काय निसटते आहे. मुलगी असेल तर स्थापत्याकडे जरूर पाहावे. आर्किटेक्टच्या कार्यालयातले ड्रॉइंगचे काम बसून करायचे असते आणि संगणक घेतला तर त्यातले बरेच घरूनही होते.

आता कोणी म्हणेल, नाक्यावर तीन महिन्यांचा कॅडचा क्लास आहे, दोन वर्षे कशाला घालवायची? ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले, त्याला चाळीस वर्षे उलटली. ते पेन्सिलीचे काम करते, डोक्याचे करत नाही. कमांड पाठ करून आलेल्या पोराला समोर गिअरबॉक्सचे झाकण ठेवून त्याचा छेद काढायला सांगा, म्हणजे क्लासचे मोल कळेल. आधी हाताने ड्रॉइंग, मग संगणक, असा क्रम जिथे नाही तिथे फी भरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची व्यवस्था आहे. जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली निघाले, तिथपासून हा प्रकार वाढला. त्यांचे ब्रीद साधे आहे. गावात कोणते काम मिळते ते पाहायचे, त्याचे एक-दोन वर्षांचे शिक्षण कमी फीत द्यायचे, आणि ज्याला दिवसा पोट भरायचे आहे त्याच्यासाठी संध्याकाळी वर्ग चालवायचे. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे कॉलेज काढले आणि २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही योजना आणली. अमेरिकेतल्या या कॉलेजांच्या माहितीपत्रकात तांत्रिक आरेखन आणि बालशिक्षण हे दोन विषय एकाच यादीत सापडतात. आपल्याला ही जोडी विचित्र वाटते. एक कारखान्याची गोष्ट, दुसरी बायकामुलांची! पण तिथे दोन्हींना धंदेशिक्षणच मानतात. लहान मुलांच्या शिक्षिकेचे सीडीए नावाचे जे प्रमाणपत्र आहे, त्यासाठी १२० तास शिक्षण आणि ४८० तास प्रत्यक्ष मुलांमध्ये काम, असा हिशेब आहे. वर्गापेक्षा कामाचे तास चौपट. कारागिराला हे लगेच पटेल, कारण उस्तादाकडे तो असाच शिकला.

आपल्याकडे काय आहे? बारावी झालेली मुलगी, एक खोली, भिंतीवर सफरचंद आणि हत्ती, बाहेर 'इंग्लिश नर्सरी'ची पाटी. तीन वर्षांच्या पोराची बोटे अजून पेन्सिल धरायला तयार नसताना त्याच्याकडून एबीसीडीची पाने गिरवून घेतात आणि आईबाप खूश! त्या मुलीचाही दोष नाही, तिला कोणी शिकवलेच नाही. वास्तविक या विषयाची गंगोत्री महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ यांनी ते काम कोसबाडला पुढे चालवले. बिया, शिंपले, पाने, माती ही त्यांची साधने होती. महागडी खेळणी नसल्याने त्यांचे काही अडले नाही.

आपल्या मुलांची अडचण तर आणखी वेगळी आहे. घरी कोकणी किंवा दखनी, शाळा मराठी, उर्दू नाहीतर इंग्रजी. पहिल्या दिवशी बाईंचा एक शब्द कळत नाही आणि 'पोरगं मठ्ठ आहे' असा शिक्का बसतो. घरची बोली जाणणारी आणि तिथून शाळेच्या भाषेपर्यंत मुलाला हात धरून नेणारी शिक्षिका हवी असेल तर ती आपल्याच मोहल्ल्यातून तयार व्हावी लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाचा टप्पा मानला आहे. त्यात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका सांगितली आहे. सेविकेला अजून पगार नाही, मानधन आहे, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण शिकलेली बाई स्वतःची बालवाडी चालवू शकते, आणि तिची फी द्यायला आजही पालक तयार आहेत. ती फी ते न शिकलेल्यांना देत आहेत इतकेच.

पैशाचे म्हणाल तर व्यापाऱ्यांनी हे पूर्वी केलेले आहे. मुंबईत भायखळ्याची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था १९३६ सालची, आणि तिच्यामागे एका व्यापाऱ्याचेच धन आहे. आज तेवढे मोठे काही काढायची गरज नाही. जमातखान्याचा हॉल लग्नसराई सोडली तर संध्याकाळी रिकामाच असतो. त्यात वीस ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, एक निवृत्त ड्राफ्ट्समन आणि रात्री आठ ते दहाचा वर्ग, एवढ्यावर सुरुवात होते. त्याने आयटीआयचे प्रमाणपत्र मिळणार नाही, पण तिशी-पस्तिशीच्या मिस्त्रीला प्रमाणपत्र नकोच आहे, त्याला कागद वाचायचा आहे. सकाळी त्याच हॉलमध्ये बालवाडी भरवावी आणि शिक्षिकेचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलींनी तिथेच काम शिकावे. मुले नसलेल्या वर्गात बालशिक्षण शिकवणे म्हणजे पाण्याबाहेर पोहायला शिकवणे.

रात्रीच्या वर्गासाठी पुस्तकही शोधत बसू नये. ड्रॉइंग समजले नाही म्हणून आपल्याच बाजारातून परत गेलेली कामे काही थोडी नाहीत. दुकानदारांनी आपल्या फायली चाळून ते कागद काढावेत आणि पहिल्या दिवशी तेच बोर्डवर लावावेत.