ओव्हरटाइमचा हिशेब हृदयापाशी

कारखान्यांत दिवसाला ९ऐवजी १२ तासांपर्यंत काम घेण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहिली. तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा मात्र ११५वरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. हा ओव्हरटाइम पूर्ण वापरला, तर आठवडा सुमारे ५९ तासांचा होतो.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१च्या अभ्यासानुसार, ३५ ते ४० तासांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के अधिक असतो. सततच्या ताणाने रक्तदाब चढतो, झोप तुटते, तंबाखू वाढते. ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागेल. पण रक्तवाहिन्या संमतीपत्र वाचत नाहीत. जादा तासांसोबत रक्तदाबाची नियमित तपासणीही बंधनकारक हवी.