डिझेल खाणारे जिवाणू

मुलांनो, अंटार्क्टिकावर वीज कुठून येते, सांगा पाहू? तिथे ना धरण, ना विजेचे खांब. बहुतेक संशोधन केंद्रांत डिझेलवर जनरेटर चालतात. आपल्या भारताच्या ‘मैत्री’ केंद्रातही तसेच. जनरेटर बंद पडला तर माणसं गारठून जातील! पण हे डिझेल जहाजातून उतरवताना, टाकीत भरताना कधीकधी सांडते.

आपल्याकडे सांडलेले डिझेल उन्हाने बरेचसे उडून जाते. तिथल्या थंडीत मात्र ते वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. उन्हाळ्यात बर्फ वितळला, की पाण्याबरोबर समुद्राकडे निघते. तिथे मासे आहेत, पेंग्विन आहेत.

“मग ती माती जहाजात भरून परत आणावी की!” असं तुम्ही म्हणाल. पण खर्च अफाट. शिवाय खणल्यावर गोठलेली जमीन वितळून खचते, ते वेगळेच.

गंमत अशी, की डिझेल खाणारे जिवाणू तिथल्या मातीत आधीपासूनच असतात. डिझेल खाऊन ते त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. मग अडतं कुठे? डिझेलमध्ये मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो, तो तिथल्या मातीत फार थोडा. नुसतं तूप खाऊन तुमची उंची वाढेल का? तसंच हे. म्हणून शास्त्रज्ञ त्या मातीला खत घालतात, शेतकरी पिकाला घालतो तसे. तेही बेताने हं! खत म्हणजे क्षारच. ते जास्त झाले तर जिवाणूंना पाणी मिळेनासे होते. लोणच्यात मीठ कशाला घालतात, आईला विचारा, म्हणजे कळेल.

दुसरीकडचे तगडे जिवाणू नेऊन सोडावेत, तर तशी सोय नाही. १९९१ साली माद्रिदला झालेल्या करारानुसार बाहेरचे जीव तिथे परवानगीशिवाय नेता येत नाहीत. मला हे योग्यच वाटतं. एकदा सोडलेला जिवाणू परत कोण पकडणार? तेव्हा काम करायचे ते तिथल्याच जिवाणूंनी.

ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्रात तेलकट माती खणून तिचे मोठे ढीग केले. खालून गळू नये म्हणून जाड कापड अंथरले, खत मिसळले, नळ्यांतून हवा खेळवली. हिवाळ्यात माती दगडासारखी गोठते, तेव्हा जिवाणूंना सुट्टी! काम होते ते उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत. त्यामुळे माती साफ व्हायला काही वर्षे लागली. ती साफ झालेली माती मग केंद्रातल्याच एका इमारतीच्या पायात भरली.